घड्याळापेक्षा जरा मोठं

आमच्या ह्यांनी आयुष्यभर जे काम केलं, ते एका शिंकेने उडून जाईल असं होतं. हे घड्याळजी. बाजाराच्या गल्लीत कपाटाएवढं दुकान, टेबलावर पांढरा कागद, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि चिमट्यात तिळाहून लहान काहीतरी. सुट्टीच्या दिवशी कुणाचं निकडीचं घड्याळ घरी आणलं की घरात संचारबंदी लागायची. पंखा बंद. दार आपटायचं नाही. शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकायची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, तर शिंक नाकातल्या नाकात कशी जिरवायची ते. ह्या घरच्या भाजीत मीठ किती लागतं, ते नंतर.

हे सांगायचं कारण, ह्याच माणसाने पुढे घरात असं यंत्र आणलं की शेजारणीच्या फडताळातल्या बरण्या एकमेकींना टाळ्या द्यायला लागल्या. कुठे शिंक आणि कुठे हे!

त्याचं असं झालं की ह्यांचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, मग चांगलेच. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, वयाचं आहे, फक्त नाजूक काम सोडा. जणू ह्यांच्याकडे नाजूक सोडून दुसरं काही काम होतं! एक दिवस एका बाईंच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला, तेव्हा ह्यांनी घड्याळ बंद करून बाईंच्या हातात दिलं, शटर ओढलं आणि घरी आले. त्यानंतर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते दोन्ही तळहात मांडीखाली दाबून. कुणाला दिसू नयेत म्हणून. जेवताना आमटी सांडायची, म्हणून हळूहळू आमटीच नको म्हणायला लागले. चहा अर्धा कप मागायचे. मला फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी चिडते, असा माझा स्वभाव. मी भांडी आपटायची.  भांडी आपटल्याबद्दल जो माणूस आयुष्यभर डोळे वटारत आला, तो आता मानही वर करत नाही, हे बघून मी आणखी जोरात आपटायची.

माझा धाकटा भाऊ दर रविवारी येतो. त्याचं नाव काहीही असलं तरी घरात त्याला सल्लागार म्हणतात. विचारलं नसताना सल्ला देतो, विचारलं तर दोन देतो. तो म्हणाला, "ताई, दाजींना घराबाहेर काढ. एका पंपदुरुस्तीवाल्याचं वर्कशॉप बंद होतंय, सगळं सामान काढतोय तो. तिथे मला एक शिडी बघायचीय. चला दाजी, हवा खाऊन या."

दोघे शिडी बघायला गेले. परत आले तेव्हा शिडी नव्हती. ह्यांचा चेहरा मात्र, काय सांगू, वधू पसंत पडलेल्या मुलासारखा झाला होता.

"एक यंत्र बघून आलोय," हे म्हणाले.

"केवढं?"

हे चपला काढायला वाकले. "घड्याळापेक्षा जरा मोठं."

भाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

यंत्राचं नाव शेपर. सुतार जसा लाकडावर रंधा मारतो, तसा हा लोखंडावर मारतो. वर एक लांबलचक लोखंडी दंड असतो, त्याला रॅम म्हणतात. त्याच्या तोंडाशी हत्यार बांधायचं, खाली शेगड्यात, म्हणजे यंत्राच्या पकडीत, लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि बटण दाबायचं. रॅम पुढे गेला की लोखंडाचा कीस निघतो, मागे आला की दम खातो, पुन्हा पुढे. ह्या शेपरचं वय आमच्या दोघांच्या वयांच्या बेरजेहून जास्त असावं. आता असली यंत्रं कुणी विचारत नाही, म्हणून पंपवाल्याने त्यावर पोतं टाकून ठेवलं होतं. त्याने ह्यांना चालवून दाखवलं. ह्यांनी सवयीने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, हत्यारापाशी नाक नेलं आणि गुळगुळीत होत जाणाऱ्या लोखंडाकडे बघत राहिले.

"ह्याला हात कुठे लावावा लागतो?" ह्यांनी विचारलं.

पंपवाला म्हणाला, "एकदा बांधून दिलं की हात खिशात घाला. तो आपला आपण सरळच जातो."

बस्स. त्या एका वाक्यावर सौदा झाला. रात्री जेवताना मला सगळं सांगत होते, तेव्हा ते वाक्य पुन्हा म्हणाले, "हात खिशात घालायचे, म्हणाला." मी भांडायच्या तयारीने पदर खोचून बसले होते, पण ते वाक्य ऐकून खोचलेला पदर सोडला.

यंत्र कुठे ठेवायचं, हा प्रश्न ह्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघराला लागून आमची कोठीची खोली आहे. मी माझे डबे काढले, जुनी गादी काढली आणि तोंडातून शब्द काढला नाही. ह्यांनी खोली मोजली. टेपने नव्हे, घड्याळजीच्या मोजपट्टीने, केसाच्या जाडीपर्यंत. यंत्राचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे, पाठ स्वयंपाकघराच्या भिंतीकडे. पाठ आणि भिंत ह्यांच्यात फडकं फिरेल एवढी फट. "बघ," मला म्हणाले, "पोस्टकार्ड सरकेल, पण पुठ्ठा नाही सरकणार." मीसुद्धा कौतुकाने बघितलं. दोघेही मूर्ख.

हमाल आले, पहारी आल्या, लोखंडी पाइप आले. दाराची चौकट काढावी लागली. पाइपांवरून घरंगळत ते धूड आत आलं तेव्हा हमालांच्या मुकादमाचा चेहरा जांभळा झाला होता. ह्यांनी त्याला बोटभर डावीकडे, मग सूतभर उजवीकडे असं करायला लावलं. शेवटी त्याने पहार खाली ठेवली आणि मला म्हणाला, "बाई, आता हे इथून हलवायचं नाव काढू नका. एकवेळ घर हलेल, हे नाही हलणार." त्याच्या तोंडात साखर पडो की माती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग हे कित्येक दिवस त्याला घासत बसले. घड्याळाचं तेल टाचणीच्या टोकाने घालायची सवय. ते ह्यालाही टाचणीच्या टोकाने तेल घालायला लागले. सल्लागार म्हणाला, "दाजी, अशाने पुढच्या पिढीपर्यंत पुरेल." तेव्हा कुठे तेलाची बुधली आली.

पहिल्यांदा चालू केलं तो दिवस मी विसरणार नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याशी कणीक मळत होते. पलीकडे गुरगुर झाली. मग भिंतीवर एक धप्पकन आवाज आला. ताटं हलली. पुन्हा धप्प. रंगाचा पोपडा माझ्या कणकेत पडला. मी वर बघते तो भिंतीतली एक वीट कुणीतरी ढकलल्यासारखी जराशी पुढे आलेली. पुन्हा धप्प, वीट अजून पुढे. माझ्या डोळ्यांदेखत ती वीट पुढे पुढे आली, क्षणभर काठावर थांबली आणि पिठाच्या डब्यात पडली. सगळीकडे पीठच पीठ. आणि त्या भोकातून एक लोखंडी मुस्कट बाहेर आलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

"अहो!" मी किंचाळले. "भिंतीतून कोण येतंय बघा!"

पलीकडून ह्यांचा तृप्त आवाज आला. "काही काळजी करू नकोस. इकडे सगळं छान चाललंय!"

डोळ्याला भिंग, नाक हत्यारापाशी. पाठीमागे भिंत फुटतेय, ह्यांना पत्ता नाही.

शेपरचा रॅम जितका पुढे जातो तितकाच मागेही येतो, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण ह्यांनी मोजलं तेव्हा रॅम पुढे येऊन थांबलेला होता, आणि पंपवाल्याकडेही हे पुढूनच बघत होते. मी पिठाने माखलेल्या अवताराने कोठीत जाऊन उभी राहिले तेव्हा ह्यांनी यंत्र बंद केलं, भोक बघितलं, मला बघितलं. मग फार मनापासून म्हणाले, "अगं, घड्याळातलं काहीही कधी घड्याळाच्या बाहेर येत नाही गं."

मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. मग तेही हसले. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा. तेव्हाच मी मनात ठरवलं की हे भोक राहणार.

सल्लागाराने भिंत पाडायचा सल्ला दिला, मग यंत्र तिरकं करायचा, मग आम्हीच घर बदलायचा. मी त्याला गप्प बसवलं आणि गवंडी बोलावला. गवंड्याने भोक चौकोनी करून दिलं. सुताराने त्याला वरून बिजागरी असलेली छोटी झडप बसवली. आता रॅम मागे आला की झडप उघडते, मुस्कट डोकावतं, आत जातं, झडप टक्‌कन मिटते. शेजारीण साखर मागायला आली, तिने ते बघितलं, साखर विसरली. म्हणाली, "अगबाई, शेवटी घड्याळजींनी चिमणी बाहेर येणारं घड्याळ घेतलं म्हणायचं!" नंतर ती आपल्या जावेला, नणंदेला, नणंदेच्या सासूला घेऊन आली. सगळ्या ओट्यासमोर ओळीने उभ्या राहून चिमणी बघायच्या. चहा मला करावा लागायचा.

इथपर्यंत सगळी गंमत. पुढे मात्र माझी झोप उडाली.

ह्यांनी पहिलं काम हातात घेतलं, ते म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा. साधारण त्या पडलेल्या विटेएवढा. तो सहाही बाजूंनी तंतोतंत सरळ करायचा. सल्लागाराने विचारलं, "कशासाठी दाजी?"

"सरळ व्हावा म्हणून."

"पण सरळ होऊन करायचं काय त्याचं?"

ह्यांनी ठोकळा पुन्हा शेगड्यात आवळला. भाऊ गेल्यावर मला म्हणाले, "हा ठोकळा सरळ झाला तर माझ्या हातून अजून काही होतं, असं समजायचं. नाही झाला तर हे यंत्र भंगारात द्यायचं. मग माझ्यामागे लागू नकोस." एवढं बोलून त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. मीही बघितलं. त्या खुर्चीची मला भीतीच बसली होती. त्यांना एकदा त्यात परत बसू दिलं की ते पुन्हा उठायचे नाहीत, असं मला आतून वाटत होतं.

तर ठोकळा सुरू झाला. एक बाजू रंधायची, गुण्या लावून तपासायची. गुण्या म्हणजे काटकोन बघायची पट्टी. ठोकळ्यावर गुण्या धरून उजेडासमोर न्यायचा. मधून उजेड दिसला तर वाकडं, नाही दिसला तर सरळ. हे रोज बघायचे आणि रोज उजेड दिसायचा. मग पुन्हा एक थर काढायचा. एक बाजू काढली की दुसरी बिघडल्यासारखी वाटायची. विटेएवढा ठोकळा साबणाच्या वडीएवढा झाला. मला लोखंडाचा कीस झाडून झाडून कंबरदुखी लागली. वडी झिजत झिजत आणखी लहान झाली, काडेपेटी आणि तिच्यात फारसा फरक उरला नाही. सल्लागार रविवारी आला, ठोकळा चिमटीत धरून म्हणाला, "दाजी, पुढच्या रविवारी मला हा बघायला तुमचं भिंग लागेल." मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो चहा न घेता निघून गेला.

कारण मला दिसत होतं. आणखी लहान झाला तर शेगड्यात धरताच येणार नव्हता. आणि ह्यांचं बोलणं पुन्हा कमी होत चाललं होतं. त्या रविवारी रात्री आमटी वाढायला गेले तर ह्यांनी पुन्हा ताटावर हात आडवा धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे यंत्र थांबलं. मी ओट्यापाशी होते. सहज झडप वर करून भोकातून आत बघितलं. हे खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. घड्याळजीची जन्माची सवय, वस्तू टेबलावर ठेवून बघायचीच नाही. उचलायची आणि डोळ्यापाशी न्यायची. एका हातात ठोकळा, एका हातात गुण्या, डोळ्याला भिंग. आणि दोन्ही हात हलतायत. ठोकळा एकीकडे, गुण्या एकीकडे. मला एवढ्या लांबून, भिंगाशिवाय, त्या दोघांच्या मधून उजेडाची रेघ दिसत होती. येत होती, जात होती.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लोखंड कधीचं सरळ झालं असणार. हे आपल्या हाताची थरथर बघत होते आणि तेवढं लोखंड रोज काढत होते.

आता हे सांगायचं कसं? "अहो, ठोकळा चांगला आहे, तुमचे हात हलतात," असं? तेवढंच ऐकायची भीती घेऊन तर माणूस इतके दिवस तळहातांवर बसला होता. मी झडप खाली केली. चहा ठेवला. माझं डोकं एरवी चालतं तेवढंच चालतं, पण आधण येईपर्यंत त्या दिवशी जरा जास्त चाललं.

चहा घेऊन मी कोठीत गेले. "मला शिकवा ना, सरळ कसं बघतात ते."

ते थकल्यासारखं म्हणाले, "तुला काय करायचंय?"

"एवढा कीस झाडते, तेवढा तरी हक्क आहे की नाही? आणि यंत्र चालू करा. चालू असलं की मला बरं वाटतं."

ह्यांनी बटण दाबलं. यंत्राने सुरुवात केली आणि नेहमीप्रमाणे फरशी हलायला लागली, खिडकीची काच बोलायला लागली, बशीत कप नाचायला लागला. मी ठोकळा घेतला, गुण्या घेतला, त्यांच्यासारखाच डोळ्यापाशी नेला. हात खरोखरच हलले. थोडे फरशीने, थोडे घाबरल्याने. उजेड दिसला.

"दिसतोय ना?" ते खालच्या आवाजात म्हणाले.

"दिसणारच!" मी कमरेवर हात ठेवून आवाज चढवला. "अहो, ह्या धुडाने अख्खं घर हलतंय! ह्यात कुणाचाही हात हलेल. मुकादम सांगून गेला होता, घर हलेल म्हणून. हे काय हातात धरून बघायचं काम आहे? चला, बंद करा ते. ओट्यावर ठेवून बघू."

ते माझ्याकडे बघत राहिले.  मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर खुर्चीत जाऊन बसतील.  मग त्यांनी बटण बंद केलं आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आले.

मी ओट्याचा दगड पदराने पुसला. दिवा लावून पलीकडे ठेवला. ठोकळा दगडावर ठेवला, त्याला टेकवून गुण्या ठेवला आणि दोघांनी हात काढून घेतले. मी ओट्याच्या एका टोकाला गाल टेकला, त्यांनी माझ्या शेजारी. दोन म्हातारी माणसं ओट्यावर गाल टेकून एका काडेपेटीएवढ्या लोखंडाकडे बघतायत, हे शेजारणीने बघितलं असतं तर तिने पुन्हा जावेला आणलं असतं.

"उजेड आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"मेला मिट्ट काळोख आहे नुसता!"

त्यांनी बाजू पालटली. काळोख. पुन्हा पालटली. काळोख. सहाही बाजूंना काळोख. काळोख बघून इतका आनंद झालेली माणसं दुसरी कुणी नसतील. हे ओट्यावरून गाल उचलेनात. मग म्हणाले, "आज आमटी आहे का?"

आता तो ठोकळा झडपेपाशी असतो. मला पलीकडे डोकावायचं असलं की मी झडप वर करून खाली तो लावते. एवढा सरळ टेकू दुसऱ्या कुणाच्या घरात नसेल. हे आता काय काय करतायत. शिलाई मशीनचा पाय, कुणाच्या फाटकाची कडी, शेजारणीच्या सासूच्या काठीला टोक. सगळं यंत्रावर बांधून द्यायचं आणि हात खिशात. तपासायला ओट्यावर. माझा स्वयंपाक थांबतो, पण मी चडफडते तेवढंच.

गेल्या रविवारी सल्लागार आला तो बगलेत पुडकं घेऊन. "ताई, चांगल्या जाड रबराच्या चकत्या आणल्यात. यंत्राच्या पायांखाली घाल. बघ कशी, एक थरथर राहणार नाही!" पहिल्यांदाच त्याचा सल्ला बरोबर होता. मी त्याला पोटभर खायला घातलं, पुडकं घेतलं आणि तो गेल्यावर स्टुलावर चढून माळ्यावर पार मागे, फुटक्या बादलीत ठेवून दिलं.

आम्ही हल्ली संध्याकाळचा चहा कोठीतच घेतो, यंत्र चालू ठेवून. त्यांचा कप बशीत वाजतो, माझाही वाजतो. शेजारीण आली तर तिचाही वाजतो आणि ती दोन्ही हातांनी धरते. कुणी कुणाच्या हाताकडे बघत नाही. ह्यांचा कप आता पूर्ण भरलेला असतो.

काल चहा पिता पिता हे म्हणाले, "तुझ्या भावाने रबर आणलं होतं ना?"

मी कप बशीत ठेवला. "हो. माळ्यावर आहे. काढू?"

त्यांनी कपात बघितलं. चहावर बारीक बारीक लाटा उठत होत्या. मग माझ्या कपात बघितलं. तिथेही तशाच.

"मी ठोकळा तपासायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा यंत्र बंद असायचं."

मी पदराने कपाची कड पुसली. 

"राहू दे माळ्यावर," ते म्हणाले. मग उठले, बटण बंद करून पट्टा दुसऱ्या चाकावर चढवला, वेग वाढवून यंत्र पुन्हा चालू केलं, आणि माझा अर्धा चहा बशीत सांडला.